चपळ गाडी कडकच असावी लागते का?

लहान आणि चपळ गाडी हौसेने घेणाऱ्याला एक वाक्य लवकरच ऐकावे लागते आणि ते बहुतेक वेळा मागच्या सीटवरून येते: "गाडी छान आहे रे, पण फार आदळते." त्यावर मालकाचे उत्तर ठरलेले: "स्पोर्टी गाडी आहे, आई. ती कडकच असते." या उत्तरातला थोडा भाग पदार्थविज्ञानाचा आहे, बराचसा फॅशनचा. पदार्थविज्ञानापुढे आपला इलाज चालत नाही. फॅशनचा भाग मात्र गाडीतून काढून टाकता येतो आणि तो काढला म्हणून गाडी वळणावर सुस्त होत नाही. खराब रस्त्यावर तर ती जास्त खात्रीने धावते, कारण चाक जमिनीला टेकून राहते. हवेत उडालेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही.

मुख्य उदाहरण म्हणून मिनी घेतो. १९५९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली छोटी मिनी आणि २००१ पासून बीएमडब्ल्यूने बनवलेली नवी मिनी, या दोघींच्या इतिहासात लहान गाडीच्या गचक्यांचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम सापडतो. नवी मिनी २०१२ पासून भारतातही अधिकृतपणे विकली जाते. पण हे सारे स्विफ्ट, पोलो किंवा आय-ट्वेंटी चालवणाऱ्यालाही तितकेच लागू आहे.

गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर तरंगत असतो. तो दाबून सोडला तर सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल, यावर प्रवासाची जात ठरते. आरामदायी मोटारींत हा आकडा एक ते दीडच्या दरम्यान असतो. सावकाश चालताना आपले शरीर साधारण याच लयीत वर-खाली होते, त्यामुळे हा डोल अंगाला परका वाटत नाही. स्पोर्टी गाड्यांत तो दीड ते दोनपर्यंत चढतो. स्प्रिंग गाडीच्या स्वतःच्या वजनाने किती दबते, याच्याशी या आकड्याचा थेट संबंध आहे. सेकंदाला एक आंदोलन हवे असेल तर स्प्रिंगला सुमारे २५ सेंटिमीटर दबावे लागते, दीड हवे असेल तर ११ सेंटिमीटर पुरतात आणि दोनसाठी जेमतेम ६. बुटक्या गाडीत २५ सेंटिमीटर दबायला जागाच नसते, म्हणून ती मुळातच कडक अंगाची होते.

पण सेकंदाला दोन आंदोलने माणसाला त्रास देत नाहीत. त्रास होतो तो त्याच्या वरच्या पट्ट्यात. उभ्या दिशेची सेकंदाला चार ते आठ कंपने माणसाच्या धडाला सर्वांत जास्त सोसावी लागतात, कारण पोटातले अवयव आणि पाठीचा कणा याच लयीला साथ देऊन हलू लागतात. चाक आणि त्याला जोडलेला लोखंडी पसारा स्वतःच्या लयीत, म्हणजे सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उडत असतो. चांगल्या सस्पेन्शनमध्ये सांगाडा खाली एक-दोनवर संथ डोलतो, चाके वर दहा-पंधरावर आपले काम करत राहतात आणि मधला चार ते आठचा पट्टा शांत असतो. टायर, शॉकॲब्सॉर्बर, सांध्यांतले रबरी बुश यांतले काहीही गरजेपेक्षा कडक केले की नेमका हा मधला पट्टा भरू लागतो. पाठीला जाणवणारी आदळआपट ती हीच. म्हणून गाडी "कडक" वाटते तेव्हा स्प्रिंगवर खापर फोडण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो.

आता लहानपणाचे तोटे. साधारण ९०० किलोच्या गाडीत ७० किलोची चार माणसे बसली की वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढते. १८०० किलोच्या मोठ्या गाडीत तीच चार माणसे जेमतेम सहावा हिस्सा भर घालतात. लहान गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पाच माणसे आणि सामानाचा भार धरून कडक ठेवाव्या लागतात आणि मग एकटा माणूस ऑफिसला निघाला की रिकामी मागची बाजू उड्या मारते. दुसरा तोटा पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या कमी अंतराचा, म्हणजे व्हीलबेसचा. जुन्या मिनीत हे अंतर २०३६ मिलिमीटर होते, नव्या मिनीच्या पहिल्या पिढीत २४६७. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना नव्या मिनीची पुढची चाके उंचवट्यावर आदळल्यानंतर अवघ्या ०.२२ सेकंदात मागची आदळतात. पुढची बाजू खाली येऊ लागते तोच मागची वर उचलली जाते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलू लागते. आखूड गाडीत तेवढ्याच उंचवट्याने झुलण्याचा कोन मोठा होतो, म्हणून डोके जास्त हलते.

या झुलण्यावरचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास १९३० च्या दशकात अमेरिकेत झाला. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅक कंपनीत आलेल्या मॉरिस ऑली या इंग्लिश अभियंत्याने १९३२ साली एक मोठी लिमोझिन घेतली. तिच्या पुढे-मागे हलवता येतील अशी वजने लावून स्प्रिंगांच्या वेगवेगळ्या जोड्या त्याने रस्त्यावर तपासल्या. त्याचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलट होता: पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात, सुमारे ३० टक्के अधिक दबणाऱ्या. असे केले की मागून उशिरा हलू लागलेली बाजू आपल्या जलद लयीमुळे पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही टोके एकदमच वर-खाली होऊ लागतात. झुलणे थांबते, सपाट डोलणे उरते आणि ते माणसाला सहज चालते. पुढच्या स्प्रिंगा अशा मऊ करायच्या तर पुढची चाके एकमेकांपासून मोकळी हवीत, म्हणून १९३४ च्या कॅडिलॅकला स्वतंत्र सस्पेन्शन आले. आजही गाडीचा अभियंता हेच गणित मांडून सुरुवात करतो. बाजारातल्या कडक स्प्रिंगांची जोडी आणून फक्त पुढे बसवणारा माणूस हे गणित मोडतो.

मिनीची कथा इथून पुढे रंगते. मिनीचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी तीन मीटर लांबीत चार माणसे बसवायचे ठरवले तेव्हा स्प्रिंगांसाठी जागाच उरली नाही. त्यांचे मित्र ॲलेक्स मोल्टन इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावचे. घराण्याचा धंदा रबराचा. त्यांनी लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचा शंकू दिला. रबराचा गुण असा की भार वाढेल तसे ते जास्त कडक होते. सुमारे ६०० किलोच्या गाडीत चार माणसांनी वजन जवळजवळ दीडपट होते, तिथे हा गुण वरदान होता. पण चाकाला हलायला जागा थोडी आणि रबर भरगच्च, त्यामुळे मिनी जितकी वळणावर चिकटून जायची तितकीच खड्ड्यावर दणके द्यायची.

मोल्टन यांचे खरे उत्तर हायड्रोलॅस्टिक हे होते. प्रत्येक चाकापाशी रबर आणि द्रव भरलेले एक भांडे आणि त्याच बाजूच्या पुढच्या-मागच्या भांड्यांना जोडणारी नळी. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव नळीतून मागे ढकलला जातो आणि मागची बाजूही थोडी उचलली जाते. म्हणजे पुढे-मागे झुलण्याचे कारणच मुळाशी कापले. आधी १९६२ साली मॉरिस ११०० या गाडीत आणि १९६४ पासून मिनीत ही रचना आली. वेग घेताना गाडीचे नाक वर उचलले जाण्याची तक्रार होती आणि खर्चही जास्त होता. त्यामुळे १९६९ पासून साध्या मिनीत आणि १९७१ नंतर उरलेल्या आवृत्त्यांत पुन्हा रबराचे शंकू आले.

मोल्टन गप्प बसले नाहीत. द्रवाबरोबर वायूही वापरणाऱ्या त्यांच्या हायड्रागॅस रचनेवर १९८० ची ऑस्टिन मेट्रो उभी होती, पण कारखान्याने पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी नळी तिला दिलीच नव्हती. मोल्टन यांनी स्वतःच्या मेट्रोत ती जोडणी करून दाखवली. फरक इतका ठळक होता की १९९० च्या सुधारित मेट्रोत कंपनीने ती स्वीकारली आणि १९९५ साली एमजी-एफ या दोन आसनी स्पोर्ट्स कारलाही हीच जोडणी मिळाली. लहान, बुटकी, इंजिन मधोमध असलेली गाडी आणि तरी तिच्यातला प्रवास सौम्य. २००२ साली त्या गाडीचे एमजी-टीएफ झाले तेव्हा हायड्रागॅस काढून लोखंडी स्प्रिंगा घातल्या गेल्या. गाडी अधिक चोख वळू लागली, पण अंग ठेचू लागली. तक्रारी इतक्या आल्या की २००५ च्या आवृत्तीत कंपनीला सस्पेन्शन मऊ करावे लागले. एखाद्या कंपनीने आपलीच स्पोर्ट्स कार विचारपूर्वक मऊ केल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याला घरी बसून चाकांना नळ्या जोडता येणार नाहीत. पण ज्या क्रमाने धक्का जमिनीतून माणसापर्यंत येतो त्या क्रमाने हात घातला तर बरेच साधते. तो आधी टायरला लागतो, मग बुश आणि माउंटिंगला, मग शॉकॲब्सॉर्बरला आणि स्प्रिंगला, शेवटी सीटला. पैसेही याच क्रमाने घालावेत.

टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे आणि मुख्य स्प्रिंगपेक्षा साधारण सात ते दहा पट कडक आहे. डांबराची तुटलेली कड, पुलावरचा सांधा, मॅनहोलचे झाकण असे तीक्ष्ण धक्के इतक्या झटक्यात येतात की सस्पेन्शनला हलायला सवडच मिळत नाही. ते टायरच्या भिंतीनेच गिळायचे असतात. म्हणून त्या भिंतीची उंची महत्त्वाची. नव्या मिनीला तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळालेली तीन मापे पाहा. १७५/६५ आर १५ या टायरची भिंत सुमारे ११४ मिलिमीटर उंच आहे, १९५/५५ आर १६ ची १०७ आणि २०५/४५ आर १७ ची ९२. बाहेरचा व्यास तिन्हींचा जवळपास सारखाच, म्हणजे रिम जितकी वाढली तितकी हवेची गादी कमी झाली. शोरूममध्ये १७ इंची अलॉय देखणी दिसतात, फोटोत तर फारच. पण त्या देखणेपणाची किंमत प्रत्येक खड्ड्यात मोजावी लागते. कधी ती रिमला पडलेल्या चिरेच्या किंवा टायरच्या भिंतीवर आलेल्या फुगवट्याच्या रूपातही येते.

मिनीत आणखी एक भानगड आहे. तिच्या अनेक आवृत्त्या रन-फ्लॅट टायरवर येतात. पंक्चर होऊन हवा पूर्ण गेली तरी हे टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने साधारण ८० किलोमीटर जाऊ शकतात, कारण त्यांच्या भिंती जाड रबराने भरलेल्या असतात. पण जी भिंत हवेशिवाय गाडी पेलते ती हवा असतानाही वाकायला तयार नसते. २००१ च्या मिनीचे मागचे सस्पेन्शन लहान गाडीच्या मानाने चांगलेच खर्चिक, बहुदांडी रचनेचे होते. तरीही ती गाडी आदळते म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात या टायरांचा मोठा वाटा. झिजल्यावर रन-फ्लॅट काढून त्याच मापाचे साधे टायर बसवणे हा मिनी मालकांचा सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी उपाय आहे. फक्त लक्षात ठेवा, अशा गाडीत स्टेपनी नसते. साधे टायर घातल्यावर हवा भरण्याचा छोटा पंप आणि पंक्चर बंद करणारे द्रव्य डिकीत असलेच पाहिजे आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा चालू हवी.

एक इंचाने लहान रिम घेणे हा पुढचा उपाय आणि माझ्या मते चपळ गाडीत यापेक्षा पैसा वसूल करणारा दुसरा बदल नाही. लहान रिम सहसा हलकी असते, म्हणजे स्प्रिंगच्या खाली उडणारे वजनही कमी होते. लहान गाडीत चाक, ब्रेक आणि हब यांचे वजन सांगाड्याच्या मानाने आधीच जास्त असते. तिथे किलो-दीड किलोची बचतही जाणवते. माप निवडताना त्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनीने दिलेलेच माप घ्यावे. टायरवरचा भार आणि वेग यांचा निर्देशांक कमी होऊ देऊ नये. मोठे ब्रेक असलेल्या आवृत्तीत लहान रिम बसतच नाही, म्हणून आधी बसवून पाहावी.

यातले काहीच करायचे नसेल तर निदान हवा तपासा. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा असे दोन आकडे असतात. आपल्याकडे पंपावरचा मुलगा "पस्तीस टाकू?" विचारतो आणि आपण मान हलवतो. एकट्या-दुकट्याने फिरणाऱ्या लहान गाडीला बऱ्याचदा त्याहून कमी हवा पुरते. हवा वाढली की टायरचा कडकपणा जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. मोजमाप सकाळी, टायर थंड असताना करावे. तापमान १० अंशांनी बदलले की सुमारे दीड पीएसआयचा फरक पडतो आणि हमरस्त्यावर धावून आलेल्या टायरचा आकडा खोटाच असतो. तक्त्यातल्या आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. कमी हवेचा टायर तापतो, झिजतो आणि खड्ड्यात रिमला चिमटा बसून फुटतो. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होते हा समज चुकीचा आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरनंतर रबराच्या बुशांकडे वळा. लोअर आर्मचे बुश, स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंटिंग, स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड आणि बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणारा ठोकळा, ही स्वस्त, दुर्लक्षित मंडळी आहेत. ती कडक झाली, चिरली किंवा ढिली पडली की नवी गाडीही जुनी वाटते. खड्ड्यावर "ठक" असा कोरडा आवाज आला तर तो बहुधा यांच्यापैकीच कुणाचा असतो. शर्यतीसाठी मिळणारे पॉलियुरेथेनचे कडक बुश रोजच्या गाडीत घालू नयेत. रबराने गिळायची ती थरथर ते थेट सांगाड्यात सोडतात. नवे बुश बसवताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. त्याने गाडीही कडक होते आणि बुशही लवकर फाटतो. ही चूक फार ठिकाणी होते.

शॉकॲब्सॉर्बर हा या सगळ्यातला सर्वांत गैरसमजाचा भाग. नावावरून वाटते की तो धक्का शोषतो. खरे तर धक्का स्प्रिंग घेते आणि शॉकॲब्सॉर्बर तिची आंदोलने शमवतो. आतल्या तेलातून दट्ट्या सरकतो आणि त्याला होणारा विरोध त्याच्या वेगावर अवलंबून असतो. चपळ गाडी आरामदायी कशी होऊ शकते याचे उत्तर याच वेगात दडलेले आहे. गाडी वळणावर कलते, ब्रेक लावल्यावर पुढे वाकते तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो, सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तीक्ष्ण खड्ड्यात तोच सेकंदाला अर्धा-एक मीटर किंवा त्याहून वेगाने धावतो. चांगला शॉकॲब्सॉर्बर सावकाश हालचालीला ठाम विरोध करतो, म्हणून गाडी आटोपशीर वाटते आणि झटक्याची हालचाल आली की आतल्या झडपा उघडून तेलाला वाट देतो, म्हणून दणका वर येत नाही. स्वस्त "स्पोर्ट" शॉकॲब्सॉर्बर दोन्हीकडे सारखाच कडक असतो. त्यात परतीचा विरोध फार असेल तर एकामागून एक खड्डे आले की चाकाला खाली यायला वेळ मिळत नाही. गाडी हळूहळू खाली बसत जाते, शेवटी बंप स्टॉपवर टेकते आणि मग प्रत्येक धक्का थेट मणक्याला.

लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांना हे पक्के ठाऊक होते. १९६२ ची लोटस एलान ७०० किलोंच्या आतली गाडी होती. तिच्या स्प्रिंगा मऊ, चाकांना हलायला भरपूर जागा आणि सगळे नियंत्रण शॉकॲब्सॉर्बरकडे. वळणावर तिला गाठणे त्या काळी अवघड होते आणि खराब रस्त्यावर तर जवळपास अशक्य. १९८४ ची पेजो २०५ जीटीआय त्याच परंपरेतली. फ्रान्सच्या गावरस्त्यांवर जोपासलेल्या या छोट्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर पेजो कंपनी स्वतः बनवत असे. अलीकडे हे ज्ञान सुट्या भागांतही मिळते. डच कंपनी कोनीने झटक्याच्या आणि सावकाश हालचालींत आपोआप फरक करणारे शॉकॲब्सॉर्बर बाजारात आणले. रेनोने २०१३ च्या क्लिओ आरएस या छोट्या स्पोर्टी गाडीत बंप स्टॉपच्या जागी तेलाचा दुय्यम दट्ट्या दिला, त्यामुळे सस्पेन्शन शेवटच्या टोकाला जाऊन आपटत नाही, रुतल्यासारखे थांबते. सित्रोएनच्या भारतात आलेल्या सी-५ एअरक्रॉसमध्येही याच जातीची रचना आहे.

जुन्या गाडीत शॉकॲब्सॉर्बर मेले आहेत का, हे पाहायला बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची रीत आहे. एकदा वर येऊन गाडी स्थिरावली पाहिजे. या चाचणीत फक्त पूर्ण निकामी झालेला भाग सापडतो. अर्धमेला सुटतो. तेल गळून धूळ चिकटलेली नळी, टायरच्या झिजेत पडलेले खळगे, वेगात रस्त्याच्या लाटांवर गाडी तरंगणे ही जास्त खात्रीची लक्षणे. बदलताना एका आसावरचे दोन्ही बदलावेत, सोबत माउंटिंग आणि बंप स्टॉप नवे घालावेत आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. वॉरंटी संपलेल्या कितीतरी गाड्यांत "स्पोर्टी कडकपणा" म्हणून सोसले जाणारे दुखणे एवढ्याने जाते.

स्प्रिंगांना शक्यतो हात लावू नये. गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या की चाकाची हलण्याची जागा तेवढीच घटते. मग त्या कडक कराव्या लागतात, नाहीतर गाडी बंप स्टॉपवरच बसून राहील. आपल्याकडे उलटा प्रकारही जोरात चालतो: स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर कोंबून गाडी उंच करणे. बफर त्या वेटोळ्यांना काम करू देत नाही आणि उरलेल्यांवर जास्त भार येतो, म्हणजे स्प्रिंग कडक होते. खालचा भाग घासण्याचे थांबते, पण आराम जातो आणि चाकाची परतीची जागाही कमी होते. याच ओघात जाड अँटी-रोल बारबद्दल, म्हणजे स्टॅबिलायझरबद्दल, सांगायला हवे. तो वळणावर गाडी कलू देत नाही. पण डाव्या चाकाला बसलेला धक्का तो उजव्या चाकाकडेही पोचवतो आणि एका बाजूच्या खड्ड्यांवर डोके आडवे हिंदकळत राहते. कायद्याची बाजूही ध्यानात असू द्या. कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन घातले आहे. बदल करण्यापूर्वी विमा कंपनीशी बोलून घेणे शहाणपणाचे.

सीटबद्दल थोडेच. मांडीखाली पूर्ण आधार, कमरेच्या पोकळीला टेकणारी पाठ आणि दबून सपाट न झालेला फोम एवढे असले तर बाकी शिल्लक राहिलेला धक्का पाठीला बराच कमी लागतो. लहान गाडीत बरेच जण पाय ताणून, पाठ मागे टाकून बसतात. त्याने कण्याच्या खालच्या मणक्यांवर भार वाढतो.

रस्त्याचा वाटाही मान्य करायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाकार असायला हवा. ही रुंदी लहान गाडीच्या व्हीलबेसपेक्षा मोठी आहे, म्हणजे गाडी त्यावर सावकाश चढते आणि उतरते. गल्लोगल्ली रातोरात उगवणारे हातभर रुंदीचे डांबराचे उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत आणि त्यांच्यावर कोणतीच गाडी आरामात जात नाही. नगरपालिकेकडे त्यांची लेखी तक्रार करणे हासुद्धा सस्पेन्शनचाच उपाय आहे आणि त्याचा लाभ रुग्णवाहिकेतल्या माणसालाही होतो.

नवी गाडी घेणार असाल तर एक विनंती. ट्रायलसाठी विक्रेता नेईल त्या गुळगुळीत रस्त्यावर समाधान मानू नका. आवडलेल्या मॉडेलच्या लहान आणि मोठ्या रिमच्या दोन्ही आवृत्त्या तुमच्या रोजच्या खराब रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने चालवा. चालवून झाल्यावर चावी दुसऱ्याकडे द्या, मागच्या सीटवर बसा आणि तोच रस्ता पुन्हा पार करा. सही त्यानंतर करा.